काचेमागचा प्लॅटफॉर्म गायब का होतो

अरे तुझा तो दादर स्टेशनचा पावसातला थ्रीडी सीन बघितला, मस्त जमलाय. पण लोकलच्या खिडकीतून पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसतच नाहीये ना, त्यासाठी शेडरमधे (पिक्सेलचा रंग ठरवणारा कोड) डोकं घालू नकोस, ड्रॉ करायचा क्रम चुकलाय. काच आधी ड्रॉ केली की ती डेप्थ बफरमधे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवरची वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते साठवतात तिथे, स्वतःचं अंतर लिहून ठेवते, मग मागून येणारा प्लॅटफॉर्म डेप्थ टेस्टमधे (आधी लिहिलेल्यापेक्षा जवळ आहे का ही तपासणी) नापास होतो आणि ब्लेंड करायला, म्हणजे काचेच्या रंगात मिसळायला, मागे काही उरतच नाही. म्हणून आधी सगळ्या अपारदर्शक वस्तू ड्रॉ कर, मग पारदर्शक, लांबची आधी जवळची नंतर, आणि तेव्हा डेप्थ टेस्ट चालू ठेव पण डेप्थ राइट (अंतर लिहिणं) बंद कर.

ब्लेंडिंगचं गणित सोपंय, अल्फा म्हणजे वस्तू किती अपारदर्शक आहे ते, ० ते १ मधे; नवीन रंग गुणिले अल्फा अधिक मागचा रंग गुणिले (१ - अल्फा). ०.५ अल्फाच्या दोन काचा एकामागे एक असल्या तर मागचं २५ टक्केच उरतं, आणि जवळच्या काचेचा रंग जास्त दिसतो, क्रम उलटा केलास तर उत्तरच बदलतं.

आणि हो, थेंबांच्या कडेला काळी रेघ येतेय तिथे प्रीमल्टिप्लाइड अल्फा वापर, म्हणजे रंग आधीच अल्फाने गुणून ठेवायचा आणि ब्लेंड करताना सोर्स फॅक्टर, म्हणजे नवीन रंगाला गुणायचा आकडा, १ द्यायचा. पोर्टर आणि डफ यांचा १९८४ चा पेपर यावरच आहे, छोटासाय, खरंच वाच. एकमेकांत घुसलेल्या काचांना मात्र सॉर्टिंग (लांबची आधी जवळची नंतर हा क्रम) पुरत नाही, तो भाग सध्या सोड, आधी ही खिडकी नीट कर आणि नवीन स्क्रीनशॉट टाक.