अनोकाची हॅलोवीन परेड: सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का?

जरूर जा. आणि जमलं तर फक्त शनिवारच्या मोठ्या परेडवर भागवू नका, आदल्या दिवशी निघणारी शाळकरी मुलांची परेडही बघा. माझ्या मते खरं बघण्यासारखं तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत मिनेसोटात नुकतेच राहायला आलात, मुलगी सहा वर्षांची आहे आणि शेजारी अनोकाच्या परेडला चला म्हणून मागे लागलेत. भुताखेतांचा प्रकार तिला झेपेल का, आणि दिवाळीच्या गडबडीत त्यापायी एक अख्खा दिवस द्यावा का, हे तुमचे प्रश्न. मी मिनिआपोलिसच्या उत्तरेकडच्या उपनगरात बरीच वर्षं राहते. माझी दोन्ही मुलं ही परेड बघतच मोठी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनोका हे मिसिसिपी आणि रम या नद्यांच्या संगमावरचं गाव, वस्ती साधारण अठरा हजार. हॅलोवीन, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांच्या सोंगांचा सण, तिथे एवढा मोठा का, हे आधी समजून घ्या, म्हणजे परेडकडे बघण्याची नजर बदलते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गावोगावी हॅलोवीनची रात्र म्हणजे पोरांच्या दंग्याची रात्र असायची. अनोकात तर लोक सकाळी उठले की मेन स्ट्रीटवर गाई मोकाट फिरताना दिसायच्या, दुकानांच्या काचांना साबण फासलेला असायचा आणि परसातले संडास आडवे झालेले असायचे. आपल्याकडे कोकणात शिमग्याला पोरं रात्री कुणाची लाकडं, कुणाच्या गोवऱ्या पळवतात, आणि मालक शिव्या घालतो पण तक्रार करत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की शिमग्यातलं पळवलेलं लाकूड शेवटी होळीत पडतं आणि सगळा गाव त्या होळीभोवती जमतो. अनोकातल्या दंग्याला असं जाऊन पोचायला ठिकाणच नव्हतं.

ते ठिकाण गावाने १९२० साली तयार केलं. जॉर्ज ग्रीन नावाचे गावातले एक पुढारी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी पुढे झाली. त्यांनी व्यापारी, शिक्षक, पालक सगळ्यांना कामाला लावलं आणि पोरांना रात्रभर गुंतवून ठेवेल असा उत्सव उभा केला. त्या पहिल्या वर्षी हजारावर शाळकरी मुलं सोंगं घेऊन रस्त्यावरून चालली. त्यांच्याबरोबर पोलीस, अग्निशमन दल आणि बँडपथकही होतं. परेड संपल्यावर प्रत्येक मुलाला पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या मिळाल्या आणि चौकात मोठी शेकोटी पेटली. म्हणजे होळीसुद्धा आलीच! ज्या पोरांचा त्रास होत होता, त्यांनाच उत्सवाचे मानकरी केलं. मला या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

१९३७ साली हॅरॉल्ड ब्लेअर नावाचा बारा वर्षांचा, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा वॉशिंग्टनला गेला. जाताना त्याने अनोकाला ‘जगाची हॅलोवीन राजधानी’ म्हणणारा जाहीरनामा बरोबर नेला होता. तेव्हापासून गाव ही पदवी अभिमानाने मिरवतं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४३ मध्ये उत्सव झाला नाही. अनोकाचे लोक आपला हॅलोवीन अमेरिकेतल्या पहिल्यांपैकी एक म्हणून सांगतात, पण कॅन्ससमधल्या हायावाथा गावाचा त्याहून जुना आहे. तिथे एलिझाबेथ क्रेब्स नावाच्या बाईंनी १९१४ साली तो सुरू केला. पोरं दरवर्षी त्यांची फुलझाडं तुडवत होती, हे त्यामागचं कारण. म्हणजे दोन्ही गावांची अडचण एकच आणि दोघांनी काढलेली वाटही एकच.

आता परेडविषयी. अनोकात एक नव्हे, तीन परेड निघतात. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी अंधार पडल्यावर दिव्यांच्या चित्ररथांची निघते. हॅलोवीनच्या जवळच्या शुक्रवारी दुपारी लहान मुलांची. तिचं नाव ‘बिग परेड ऑफ लिटल पीपल’. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ‘ग्रँड डे’ची सगळ्यात मोठी परेड. तारखा आणि वेळा दरवर्षी जाहीर होतात, त्या बघून घ्या. ही सगळी व्यवस्था स्वयंसेवकांची एक संस्था बघते. ती दरवर्षी नवा बिल्ला काढते आणि त्याच्या विक्रीतून खर्चाला हातभार लागतो. तिथे गेलात की पहिल्यांदा मुलीला बिल्ला घेऊन द्या. दरवर्षीचे बिल्ले जपून ठेवणारी आणि एकाच जाकिटावर सगळे लावून येणारी म्हातारी माणसं तुम्हाला तिथे भेटतील. त्यांच्याशी बोला, गावाचा इतिहास त्यांच्याकडून ऐकण्यात फार मजा आहे.

शुक्रवारची परेड मला का आवडते ते सांगते. तिच्यात बघण्यासारखं भव्य काही नाही. वर्गच्या वर्ग रस्त्यावरून चालत जातात आणि बरोबर त्यांचे शिक्षकही सोंग घेऊन असतात. मिनेसोटाच्या थंडीत इथल्या आया सोंगं दोन मापं मोठी घेतात, आत जाकीट मावावं म्हणून. त्यामुळे परी गुबगुबीत दिसते, सुपरमॅनला पोट सुटलेलं असतं आणि चेटकिणीच्या टोपीखाली कानटोपी असते. एका वर्षी सांगाड्याचं सोंग घेतलेल्या एका चिमुरड्याच्या बुटाची नाडी आमच्यासमोरच सुटली. त्याच्या बाई रंगीत खडूच्या वेषात होत्या, पुठ्ठ्याच्या त्या नळकांड्यात त्यांना वाकताच येईना. कडेला उभे असलेले एक आजोबा काठी बायकोच्या हातात देऊन पुढे झाले, एका गुडघ्यावर टेकले आणि त्यांनी नाडीची दुहेरी गाठ मारून दिली. मागचा अख्खा वर्ग तोवर थांबून राहिला. कुणी घाई केली नाही, कुणी शिट्टी मारली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांपैकी कित्येक जण लहानपणी त्याच रस्त्यावरून, तसंच सोंग घेऊन चाललेले आहेत. ते आपल्याच लेकरा-नातवंडांना बघायला आलेले असतात, आणि ते तिथल्या हवेत जाणवतं.

शनिवारची परेड वेगळी. तिला आजूबाजूच्या गावांतून इतकी माणसं लोटतात की मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा उरत नाही. लोक सकाळीच येऊन रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडून, ब्लँकेटं अंथरून जागा धरतात आणि खुशाल घरी जेवायला जातात. त्या खुर्च्यांना कुणी हात लावत नाही, तुम्हीही तसंच करा. परेडमध्ये अनोका हायस्कूलचं बँडपथक असतं, ते अजिबात चुकवू नका. ढोलवाली मुलं समोरून गेली की छातीत धडधडतं. चित्ररथांमध्ये मिनेसोटातल्या इतर गावांचेही रथ असतात. इथे प्रत्येक गावाचा वर्षातून एक उत्सव असतो, आणि त्यासाठी निवडलेली त्या गावची मुलंमुली एकमेकांच्या परेडला आपापला रथ घेऊन जातात. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे, अशी ती देवाणघेवाण. या राज्यात नवीन आहात, तर एका दुपारी इतकी गावं ओळखीची होण्याची ही चांगली संधी आहे.

भीतीबद्दल. परेडमधली भुतं मुलांकडे बघून हात हलवतात, खाऊ देतात. मुद्दाम घाबरवणारी ‘भुताची घरं’ वेगळी असतात, त्यांना तिकीट असतं, तिथे तुम्ही जाणारच नाही. लहान मुलं परेडमध्ये दचकतात ती भुतांना नाही, अग्निशमन दलाच्या भोंग्याला. बंब अगदी जवळून जातात आणि चालक कौतुकाने भोंगा वाजवतात. माझी धाकटी त्या आवाजाने इतकी रडायची की पुढे आम्ही तिच्यासाठी कान झाकणारे मोठे हेडफोन घेऊनच जायचो. तुम्हीही न्या, आणि बसायला पहिली रांग न धरता दुसरी धरा. मुखवटा घातलेला कुणी मोठा माणूस फार जवळ आला आणि मुलगी बिचकली, तर त्याला हाताने नुसती खूण करा. तो लगेच मुखवटा वर करून चेहरा दाखवतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

थंडीला मात्र घाबरा! ऑक्टोबरच्या शेवटी इथे दुपारी दहा-बारा अंश असतात, पण नदीवरचा वारा सुटला आणि दोन तास एका जागी बसलात की हाडं गारठतात. १९९१ साली तर हॅलोवीनलाच सुरू झालेल्या वादळात मिनिआपोलिस परिसरात २८.४ इंच बर्फ पडला होता. जुने लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. थर्मल, कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर घ्यायला जाड ब्लँकेट एवढं हवंच. थर्मासमध्ये चहा न्या. गाडी मेन स्ट्रीटपासून लांब, आतल्या गल्लीत लावा आणि चालत जा. रस्ते बंद झाल्यावर आत शिरायचा प्रयत्न केलात तर हायवेवरच तास जाईल.

मिळणाऱ्या खाऊविषयी, तुम्ही शाकाहारी असाल तर. कँडी कॉर्न, मार्शमेलो आणि बहुतेक गमी (रबरासारख्या मऊ गोळ्या) प्रकारांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असतं, इथल्या स्टारबर्स्ट गोळ्यांमध्येही असतं. साध्या चॉकलेटांत सहसा नसतं. मुलीच्या हातात आलेलं तिथल्या तिथे काढून घेऊ नका, पिशवीत भरू द्या आणि घरी आल्यावर वेष्टन वाचून निवडा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तरीही हेच करा.

सोंग कशाचं द्यावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. काही मराठी आयांना मुलीला नऊवारी नेसवून न्यावंसं वाटतं. मला ते पटत नाही. नऊवारी आपल्या सणासमारंभाचं नेसणं आहे, मुलीला ते सोंग वाटू नये. तिला मांजर व्हायचंय की भोपळा की चेटकीण, ते तिलाच ठरवू द्या. बघायला आलेली मुलंही सोंग घेऊनच येतात, तिला एकटं वाटणार नाही.

राहता राहिली दिवाळी. काही वर्षी दोन्ही अगदी एकमेकांवर येतात. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. आमच्या घरी त्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान आणि फराळ झाला, संध्याकाळी दाराशी पणत्या लावल्या आणि त्याच दारात खाऊ मागायला आलेल्या मुलांना चॉकलेटं दिली. नंतर शेजारणीने विचारलं, हे दिवे कसले, तर मुलांनीच तिला सगळं समजावून सांगितलं. परेड हॅलोवीनच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे तिचा लक्ष्मीपूजनाशी क्वचितच गोंधळ होतो. अडचण येते ती इथल्या मराठी मंडळाच्या आणि ओळखीच्या घरांच्या दिवाळीच्या कार्यक्रमांची, कारण तेही शनिवारीच ठेवलेले असतात. तसं झालं तर शनिवार दिवाळीला द्या, शुक्रवारी कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढा आणि मुलीला शाळेतून लवकर आणता येतं का ते बाईंना आधी विचारून ठेवा. अनोकाला जायचंय म्हटलं की इथे बहुतेक बाई समजून घेतात.