ऑपरेशनचा अंदाज एक, बिल तिप्पट

प्रश्न: डॉक्टर, आईचं आतड्याचं ऑपरेशन झालं, चार दिवस सगळं ठीक होतं, पाचव्या दिवशी ताप आला, पोट फुगलं, आतड्याचा जोड सुटून आत गळती होतेय म्हणाले. परत ऑपरेशन, मग नऊ दिवस आयसीयू. आई वाचली पण बिल तिप्पट झालंय. चूक त्यांची आणि पैसे आम्ही भरायचे?

उत्तर: आई बरी होतेय हे वाचून खूप बरं वाटलं. गळती झाली म्हणजे चूक झालीच असं मात्र धरू नका, जोड व्यवस्थित शिवला तरी रक्तपुरवठा कमी पडला, अंगात प्रोटीन कमी असलं, स्टिरॉइड चालू असली की तो सुटू शकतो आणि बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच कळतं. चूक शोधायची तर ती नंतरच्या तासांत शोधा. ताप आल्यावर सर्जन कधी बघून गेले, स्कॅन कधी झाला, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं, त्याची कॉपी मागा आणि सोबत आयटमवाइज बिलही.

बिल बघाल तेव्हा लक्षात येईल की बहुतेकदा दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा आयसीयूचे दिवस, व्हेंटिलेटर, भारी अँटिबायोटिक, रोजच्या तपासण्या यातच जास्त पैसा गेलेला असतो. सर्जन गुंतागुंतीला ग्रेड देतात, 2004 सालापासून क्लाव्हियन-डिंडो ही पद्धत वापरात आहे, त्यात तिसरा ग्रेड म्हणजे परत ऑपरेशन किंवा तशी प्रोसिजर, चौथा म्हणजे जिवावरचं, आयसीयू. तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलं की खर्च एकदम उडी मारतो, म्हणून बिलाच्या भीतीने ताप लपवणारे पेशंट बघितले की जीव तुटतो.

पैसे कोणी भरायचे? पॅकेज बहुधा सरळ पार पडलेल्या ऑपरेशनचं असतं. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः वयस्करांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, ऑक्टोबर 2008 पासून ऑपरेशनच्या वेळी पोटात वस्तू विसरून राहणं, चुकीच्या गटाचं रक्त देणं अशा गोष्टींचे जादा पैसे हॉस्पिटलला देणं बंद केलं, पण जोडाची गळती त्या यादीत नाही. तिथल्याच 2013 च्या एका अभ्यासात खाजगी विमा असलेल्या पेशंटला गुंतागुंत झाली की हॉस्पिटलला उलट जास्त पैसे उरतात असं दिसलं, हे मला फार खटकतं.

तुमच्याकडे अंदाज लेखी असेल तर 'गुंतागुंत झाल्यास' या ओळीखाली काय लिहिलंय ते बघा, काहीच नसेल तर तोच मुद्दा धरून बिलिंगशी बोला. आणि आईच्या पोटावर शौचासाठी पिशवी बसवली असेल तर ती काढून आतडं परत जोडायचं ऑपरेशन अजून बाकी असू शकतं, त्याचा अंदाज लेखी घ्या, आयसीयूचा रोजचा चार्ज धरून.