बाबांनी घेतलेला टांकसाळीचा सीलबंद प्रूफ सेट उघडू का? घर मडगांवात आहे.

नका उघडू, सील शाबूत असेल आणि आत हिरवट चिकटपणा दिसत नसेल तर तसाच ठेवा, कारण प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याचा, आरशासारखा चकचकीतपणा बोटाच्या एका ठशाने जातो आणि ओरिजनल पॅकिंग गेलं की भावही उतरतो. मी स्वतः बरीच वर्षं असे सेट जमवतोय, ते सांगतो. जुन्या १०० रुपयांच्या स्मारक नाण्यात चांदी ५०% आणि तांबं ४०%, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ते पटकन काळवंडतं. डब्यात सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

पण प्लास्टिक पीव्हीसीचं असून हिरवं सुटलं असेल तर मात्र उघडावंच लागतं, नाहीतर ते नाणं खात जातं. जानेवारीतला कोरडा दिवस बघा, टेबलावर जाड टॉवेल, पाकिटाची कड कात्रीने नाण्यापासून लांब कापा, ब्लेड नको. नायट्राइल ग्लोव्ह्ज घालून नाणं फक्त कडेने धरा आणि त्यावर वाकून बोलू नका, थुंकीच्या बारीक थेंबाचा डाग कायमचा राहतो. हिरवं काढायला शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवा, चोळू नका, खिडकी उघडी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. समई घासतो तशी चिंच किंवा सोलां (आमसुलं) तर अजिबात नको! मग अॅक्रिलिक कॅप्सूलमध्ये ठेवा, आणि जुनं पाकीट, कार्ड फेकू नका.