वाचकांचे प्रश्न : १९६८ची ‘पद्मिनी’ घेऊ का?

प्रश्न : काका, १९७०च्या सुमाराला वडिलांकडे फियाट होती. मासुंदा तलावाजवळ गाडीला टेकून उभे असलेले वडील, असा एक काळा-पांढरा फोटो घरात आहे. तशीच गाडी घ्यायची आहे, रविवारी आईला आणि मुलांना फिरवायला. नेरूळला एक बघितली. मालक म्हणतो, १९६८ची पद्मिनी आहे, अस्सल विंटेज, व्हीए (विंटेज गाड्यांचा) नंबरही करून देतो. इंजिन मस्त चालतंय. टोकन देऊ का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : एवढ्यात नको. १९६८ साली पद्मिनी नावाची गाडीच नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४पासून निघायची ती फियाट ११०० डिलाइट. मध्ये थोडा काळ तिचं ‘प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४पासून पद्मिनी. तेव्हा साल तरी चुकीचं आहे, नाहीतर नाव. मालक खोटं बोलतोय असंच नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगून विकली असेल. हल्ली लोक मारुती आठशेलाही विंटेज म्हणतात.

आधी वडिलांचा फोटो नीट बघा. पुढच्या दरवाज्याचं हँडल कुठे आहे? हेडलाइटच्या बाजूला असेल, म्हणजे दरवाजा उलटा उघडत असेल, तर ती आधीची गोलमटोल ‘डुक्कर फियाट’. हँडल मागच्या दरवाज्याला लागून असेल आणि डिकीच्या दोन्ही कडा शेपटासारख्या वर आलेल्या असतील, तर डिलाइट. डिलाइटचा आणि जुन्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली असतो. खाली दोन सीटांच्या मध्ये गिअर दिसला तर ती नव्वदच्या दशकातली पद्मिनी एस-वन, किंवा कुणीतरी नंतर बसवलेला गिअरबॉक्स.

आता व्हीए नंबर. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ही वेगळी नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण असली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला आईला घेऊन उपवनला जायचंय. तुम्ही तो नंबर घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. साधी नोंदणी चालू असलेली, आरसी जिवंत असलेली गाडी शोधा. माझ्या लेखी तिची किंमत दहा वर्षांनी जुन्या पण कागद मेलेल्या गाडीपेक्षा जास्त.

नेरूळच्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. १९८९च्या आधीची आपल्याकडची गाडी असेल तर नंबराच्या सुरुवातीला ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं हवीत. एमएच ०४ किंवा एमएच ४३ असेल तर ती परराज्यातून आली का, ते विचारा. जुन्या नंबरांची नोंद बरेचदा संगणकावर चढलेलीच नसते. मग आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ते काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, पैसे त्यानंतर.

मग बॉनेट उघडून चेसिस नंबर शोधा. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. आकडे एका ओळीत, एकाच उंचीचे, सारख्या खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा आकडा तिरका किंवा भोवतालचा पत्रा घासलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, चहा पिऊन घरी या.

इंजिनाचं कौतुक तुम्ही केलंत, पण ते मी सगळ्यात शेवटी बघतो. १०८९ सीसीचं ते इंजिन वर्षानुवर्षं टॅक्सीवाल्यांनी चालवलं. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला धुंडाळलं की मिळतं. पत्रा मिळत नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, म्हणजे दरवाज्याखालचा पत्रा सडला की गाडीचा कणाच गेला. त्यात नेरूळला खाडीचा खारा वारा. पायाखालचं मॅटिंग उचला, डिकीतली स्टेपनी काढा आणि कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरने हलकं टोचून बघा. फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून दरवाज्यांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलीय. एका बाजूला जॅक लावून गाडी उचला आणि त्याच बाजूचा दरवाजा उघडून लावून बघा. आधी नीट लागणारा दरवाजा आता अडकला, तर कमरेतून गाडी वाकतेय.

दरवाज्याचं रबरही थोडं ओढून बघा. खाली काळा आणि छताच्या कडेला पिवळा रंग दिसला तर ती पूर्वाश्रमीची टॅक्सी. त्यात वाईट काही नाही, पण ‘डॉक्टरांची एका हातातली गाडी’ म्हणून तिचे पैसे मोजू नका. टॅक्सीची खासगी झाल्याची नोंद आरसीवर हवी, आणि मध्ये कधी सीएनजी किंवा डिझेल इंजिन बसवलं असेल तर तेही.

एवढ्यातून गाडी पास झाली, तर सकाळी न सांगता जा. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवली. गार इंजिन चोक ओढून सुरू करा. मागून निळा धूर सतत येत राहिला तर रिंगा गेल्या. भावातून तेवढे कमी करा. मग बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर न्या आणि मध्येच थांबवून हँडब्रेकवर उभी करून बघा.

प्रश्न : पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते ना?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. तो दिल्ली परिसरातला नियम तुम्ही ऐकलाय. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरायचा, आणि नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढते. विमा आणि पीयूसी चालू ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या नावावरची पद्मिनी नौपाड्याच्या घरी उभी आहे. आजोबा नाहीत. मी ती वापरायला काढू शकतो का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आधी नावावर करा. वारसासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि मूळ आरसी जोडा. आत्या-काकांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी चकाचक झाल्यावर सगळ्यांनाच आजोबा आठवतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, टाकी आतून धुऊन घ्या आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, इथेनॉल सोसणारे घाला. आताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि गळतं, आणि ती गळती गरम इंजिनाच्या शेजारीच होते. पाइप बदलेपर्यंत किल्ली फिरवू नका.