तेवढ्या पैशात काय काय झालं असतं?

प्रश्न : ताई, मी एका रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते. बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायची आणि औषध न घेताच घरी जायचं, असे रुग्ण मी किती पाहिले याची मोजदाद नाही. म्हणून टीव्हीवर रॉकेट उडतं आणि सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा माझे हात उठत नाहीत. मुलगा म्हणतो, टेफ्लॉन काय, वेल्क्रो काय, सगळं अवकाश संशोधनातूनच आलं. तुमचं आयुष्य याच कामात गेलं, म्हणून विचारते. आडपडदा न ठेवता सांगा, हा खर्च करण्यासारखा आहे का?
— एक निवृत्त परिचारिका

उत्तर : ताई, आधी मुलाचा मुद्दा बाजूला करू, कारण तो खरा नाही. तव्याला अन्न चिकटू न देणारं टेफ्लॉन १९३८ साली एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच सापडलं. वेल्क्रो सुचलं ते एका स्विस अभियंत्याला, त्याच्या कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. तेव्हा पहिला उपग्रहही उडाला नव्हता. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र खरोखर याच कामातून आला. यानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता, म्हणून नव्वदच्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तो विकसित केला. पण अशा जोडलाभांची यादी करून या खर्चाचं समर्थन करायला माझं मन घेत नाही. चांगला तवा हवा असेल तर तव्यावरच संशोधन करावं, त्यासाठी चंद्रावर जायची गरज नाही.

तुमचा प्रश्न जुना आहे आणि तो विचारणारा विज्ञानाचा शत्रू नसतो. चंद्रावर पहिली माणसं उतरवणारं अपोलो ११ उडण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबांना घेऊन केप केनेडीच्या उड्डाणतळावर गेले. बरोबर खेचरांच्या गाड्या होत्या. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला मैदानात आले. उद्याचं बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असती तर आम्ही ते दाबलं नसतं, अशा अर्थाचं ते बोलले. ॲबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करू असं सांगितलं, पण हा पैसा गरिबांसाठी वापरा ही आपली मागणी सोडली नाही. दोघांबद्दलही मला आदर वाटतो.

आता हिशेब. अपोलोला सुमारे २५०० कोटी डॉलर लागले. त्याच काळात, १९६७ पासून, जगभर देवी निर्मूलनाची मोहीम जोरात चालली होती. तिचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर, म्हणजे अपोलोच्या ऐंशीव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात एक रोग पृथ्वीवरून कायमचा गेला. तुम्ही परिचारिका आहात, त्याचं मोल तुम्हाला मी सांगायला नको. ही दोन कामं तराजूत घालायची झाली तर पारडं देवीच्या लसीकडे झुकतं, आणि हे मान्य करताना मला जराही संकोच वाटत नाही.

पण एकाचा घास काढून दुसऱ्याला मिळाला असता का? १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांहून जास्त होता. १९७० मध्ये अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या आणि आज तो वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. त्या हिशेबाने तिथली गरिबी हटलेली नाही. आणि २०२३ या एका वर्षात जगाने लष्करांवर दोन लाख कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. तुमच्या रुग्णाच्या औषधाचा पैसा शोधायचा तर आधी तिथे शोधावा.

एवढं सांगून मी थांबले तर ती पळवाट होईल. म्हणून माझ्या टेबलाकडे येते.

मी नोकरीला लागले तेव्हा उपग्रहाची चित्रं आमच्याकडे फिल्मवर यायची. खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावर फिल्म, फिल्मवर पारदर्शक कागद, हातात टोक काढलेली कडक पेन्सिल आणि डोळ्याला भिंग. त्या चित्रांत जिवंत झाडी लालभडक दिसते. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं आणि छापताना तो लाल रंगात दाखवतात. पाणी जवळजवळ काळं. पहिल्याच आठवड्यात मी एका तलावाचा काठ काढला. मग वरिष्ठांनी त्याच जागेची चार वर्षांनंतरची फिल्म खाली सरकवली. माझी रेघ आणि नवा काठ यांत पेन्सिलीच्या टोकाएवढी फट होती. मोजपट्टीने मोजली, प्रमाणाने गुणली, तर तलाव शंभर मीटर आत सरकला होता. पाणी घटतंय हे काठावरच्या लोकांना माहीत असणारच. पण किती, कुठल्या बाजूने, कधीपासून, हे काठावर उभं राहून कळत नाही. त्या दिवसापासून वरून खाली बघण्याच्या कामावर झालेला पैसा मला कधी जड वाटला नाही.

जड वाटली ती दुसरीच गोष्ट. पुढे आम्ही एका नदीच्या तीन पुरांची चित्रं एकावर एक ठेवून पाणी कुठवर चढतं याचा नकाशा केला. संबंधित कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली. दोन वर्षांनी नदीला पुन्हा पूर आला. नंतर मी त्या कार्यालयात गेले तेव्हा नकाशाची गुंडाळी कपाटावर होती आणि सुतळीला मी मारलेली गाठ तशीच. माझा नकाशा पाण्यावाचून कोरडा राहिला आणि ज्यांच्यासाठी केला होता ते भिजले. तुमच्या रुग्णाच्या खिशातली चिठ्ठी आणि ती गुंडाळी मला सख्ख्या बहिणी वाटतात.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. हवामान उपग्रहांना ते येताना दिसलं होतं. पण किनाऱ्यावरच्या बहुतेकांपर्यंत नीट इशारा पोहोचला नाही आणि किमान तीन लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यानंतर बांगलादेशाने गावोगाव स्वयंसेवक तयार केले, उंच निवारे बांधले. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा तिथे वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वरचा डोळा दोन्ही वेळा उघडा होता. फरक पडला तो सायकलवरून भोंगा घेऊन फिरणाऱ्या माणसाने. म्हणून उपग्रहाच्या खर्चाला मान्यता देताना त्या भोंगेवाल्याचा पैसा कुठे आहे, हे त्याच कागदावर विचारायला हवं. ते विचारलं जात नाही, हा माझा खरा आक्षेप.

ग्रहांकडे जाणाऱ्या यानांचं काय, असं तुम्ही विचाराल. जेम्स हॅन्सन हे शास्त्रज्ञ आधी शुक्राच्या वातावरणाचा अभ्यास करत होते. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सियस तापलेला आहे, शिसं वितळेल इतका, आणि त्याला कारण आहे तिथल्या कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण. तो अभ्यास करता करता ते पृथ्वीच्या हवेकडे वळले आणि तापमानवाढीचा इशारा १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर ज्यांनी ठणकावून दिला ते हेच. एकाच रोग्यावरून वैद्यकी शिकता येत नाही, हे तुम्हाला पटेल. आपल्याजवळ पृथ्वी एकच आहे, म्हणून शेजारचे ग्रह तपासावे लागतात.

माणसं पाठवण्याबाबत मात्र माझं मन तुमच्या बाजूला झुकतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला दहा हजार कोटी डॉलरहून जास्त लागले. माणूस न पाठवता काम करणाऱ्या जेम्स वेब दुर्बिणीला लागले सुमारे हजार कोटी. चॅलेंजर आणि कोलंबिया या अवकाशयानांच्या अपघातांत मिळून चौदा जीव गेले. हबल दुर्बिणीचा सदोष आरसा घेऊन बसण्याची वेळ आली असती, पण १९९३ मध्ये माणसांनीच वर जाऊन ती दुरुस्त केली, हेही मी विसरत नाही. तरीही झेंडा रोवण्यासाठी माणूस पाठवायचा आणि त्यासाठी पृथ्वीवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांच्या निधीला कात्री लावायची, अशी वेळ आली तर मी विरोधात हात वर करीन.

टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल, ताई. मुलाला मात्र टेफ्लॉनचं सांगा.

प्रश्न : व्हॉयेजर १ हे यान १९७७ चं. त्याचं काम कधीच झालं. मग त्यावर अजून माणसं आणि पैसा कशाला?
— एक विद्यार्थी

उत्तर : कारण ते जिथे आहे तिथे दुसरं काही पाठवायला पुन्हा काही दशकं लागतील. २०१२ मध्ये ते सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. तिथलं मोजमाप प्रत्यक्ष तिथूनच करता येतं. आणि यान आधीच उडालेलं आहे, खर्च उरला तो ऐकणाऱ्यांचा.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडून येणारी माहिती निरर्थक झाली. संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. यान २४०० कोटी किलोमीटर दूर, चिप बदलणार कोण? अभियंत्यांनी अनेक दशकांपूर्वीचे कागद बाहेर काढले. त्या चिपवरचा प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा, तर अख्खा मावेल एवढी मोकळी जागा एका ठिकाणी नव्हती. मग त्यांनी त्याचे तुकडे केले, जागा मिळेल तिथे ठेवले आणि ते एकमेकांना सापडतील अशी सगळी जोडणी नव्याने लिहिली. १८ एप्रिल २०२४ रोजी आज्ञा पाठवली. ती पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. २० तारखेला आपली तब्येत कशी आहे ते यानाने पाच महिन्यांनंतर पुन्हा नीट कळवलं. मी ती बातमी दोनदा वाचली आणि मग माझ्या जुन्या वरिष्ठांना फोन केला.