पिस्तुलाचा धक्का आणि बाजारातले जोडभाग

प्रश्न : मी नेमबाजीच्या सरावासाठी ९ मिलिमीटरचे, पॉलिमरच्या फ्रेमचे पिस्तूल वापरतो. लागोपाठ गोळ्या झाडताना नळी दर वेळी वर उचलली जाते आणि पुन्हा नेम धरण्यात वेळ जातो. टंगस्टनचा गाइड रॉड (स्प्रिंगच्या आतली दांडी), कडक स्प्रिंग, कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावर बसणारा छिद्रांचा जोडभाग) आणि रबरी ग्रिप यांपैकी कशाने धक्का खरोखर कमी होतो?
– एक वाचक

उत्तर : आपण ज्याला सरसकट धक्का म्हणतो, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पिस्तूल सरळ मागे येणे आणि नळीचे तोंड वर उचलले जाणे. आपली तक्रार मुख्यतः दुसऱ्या गोष्टीची आहे. नळी हाताच्या पकडीच्या वर असल्यामुळे मागे येणारा जोर मनगटाभोवती पिस्तूल फिरवतो.

सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने बाहेर पडते, तेव्हा गोळी व तिच्यामागचा वायू यांच्या संवेगाइतकाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो, आणि हा हिशेब कोणत्याही स्प्रिंगने चुकवता येत नाही. मात्र पिस्तुलाचे वजन वाढले की तेवढ्याच संवेगाला त्याचा मागे येण्याचा वेग घटतो. भरलेले पिस्तूल ८५० ग्रॅमचे असेल आणि त्यात १०० ग्रॅमची भर पडली, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास दहा टक्क्यांनी कमी होते. टंगस्टनची घनता पोलादाच्या सुमारे अडीचपट असली, तरी गाइड रॉड मुळातच बारीक असल्याने भर पडते ती दोन-चार तोळ्यांची. ती नळीच्या तोंडाकडे असते म्हणून थोडी जाणवते, एवढेच.

कॉम्पेन्सेटरचे काम वेगळे आहे. तो वायूचा काही भाग वर सोडून नळीचे तोंड खाली दाबतो, पण त्यासाठी वायू भरपूर आणि जास्त दाबाचा हवा. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, असे जोडभाग चालणाऱ्या ओपन विभागातले नेमबाज दारू जास्त असलेली जोरकस काडतुसे वापरतात, म्हणून त्यांना त्याचा पुरेपूर लाभ मिळतो. सरावाच्या सौम्य काडतुसांवर तो बराचसा शोभेचा ठरतो. शिवाय नळीवर वाढलेल्या वजनामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पुरती मागे न जाऊन रिकामे काडतूस अडकण्याची शक्यता असते.

स्प्रिंगबाबत विक्रेत्यांचे दावे मला सर्वांत अतिरंजित वाटतात. कडक स्प्रिंग स्लाइडचा मागे येण्याचा वेग आवरते, परंतु साठवलेला तो जोर परतताना पुढे आदळतो आणि नळी नेमाच्या खाली झुकते. रबरी ग्रिपने धक्का तसूभरही घटत नाही. तळव्यावरचा दाब पसरतो व हात घसरत नाही. लागोपाठ झाडताना हेही थोडेथोडके नव्हे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. रेंजवरच्या प्रशिक्षकांना आपल्या नकळत मॅगझिनमध्ये एक-दोन डमी (न उडणारी) काडतुसे मिसळायला सांगावे. डमीवर ट्रिगर ओढताच नळी खाली झुकली, तर आपला हात धक्क्याच्या धास्तीने आधीच दाबतो आहे, आणि त्यावर कोणताही जोडभाग चालत नाही. तसे नसेल, तर पकड स्लाइडखाली शक्य तितकी उंच घ्यावी व दुसऱ्या हाताचा तळवा ग्रिपच्या मोकळ्या जागेत घट्ट बसवावा. स्पर्धेत उतरणार असाल, तर नियमावलीही तपासावी : आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत कॉम्पेन्सेटर चालत नाही, आणि आयपीएससीच्या प्रॉडक्शन विभागातही (कारखान्यातून येतात तशाच पिस्तुलांच्या) नाही.