लिहिलं की त्रास वाढतो, मग लिहू की नको?

“लिहायला बसले की दोन-दोन रात्री झोप लागत नाही. बंद करू का हे?” गांभीर्याने लिहिणारी माणसं हा प्रश्न वरचेवर विचारतात. हे विचारणाऱ्या बाई वडिलांवर पुस्तक लिहीत होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). धाकटा भाऊ लहानपणीच गेला आणि त्यानंतर वडिलांनी घरात बोलणंच टाकलं.

त्यांनी पानं वाचून दाखवली. “बाबांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही” हे वाक्य थोड्याफार फरकाने पानोपानी येत होतं. ते खरं होतं, पण जागचं हलत नव्हतं. लिहिताना रडू येणं हे माझ्या लेखी धोक्याचं लक्षण नाही. महिनोन्महिने तेच वाक्य, त्याच रागाने येत राहणं हे मात्र आहे.

1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना आजारपणासाठी दवाखान्यात कमी जावं लागलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा सरासरीने लहानच दिसला. ज्यांचं लिखाण ‘काय झालं’वरून ‘का झालं’कडे सरकत गेलं, त्यांना तो अधिक झाला. उलट, 2013 च्या एका अभ्यासात जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या आणि तेच ते उगाळत बसणाऱ्या लोकांना भावनांवर लिहिल्याने सावरायला अधिक वेळ लागला. म्हणून ‘लिहा, मोकळं वाटेल’ असा सरसकट सल्ला मी देत नाही.

बाईंना म्हटलं, वडील कसे होते ते राहू द्या, एकच संध्याकाळ लिहा. त्यांनी लिहिलं: बाबा भावाच्या पेन्सिलींना टोक काढत बसलेत. भाऊ जाऊन महिना झालाय. “मी दारात उभी होते. आत गेले नाही, कारण मला त्यांचा राग आला होता.”

इतके दिवस त्या गोष्टीत त्या फक्त सोसणाऱ्या होत्या. आता दारात उभी राहून ठरवणारी एक मुलगीही तिथे आली. हे वाचताना त्या बराच वेळ थांबल्या, आणि त्या रात्रीही झोप लागली नाहीच. पण त्या आठवड्यात त्यांनी आईला त्या दिवसांबद्दल पहिल्यांदा विचारलं. आई आधी चिडली, मग दोन दिवसांनी स्वतःहून बोलायला बसली. माणूस लिहिण्याने बदलतो म्हणजे काय, तर माझ्या अनुभवात हे असं.

त्रास एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर लिहीत राहावं. झोप परतत नसेल, जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटू लागलं किंवा जगणं नको झालं, तर वही मिटावी आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं.

लिहिलेलं दाखवायचं का, हा निर्णय वेगळा, आणि त्यात इतरांचाही वाटा असतो. बाईंच्या थोरल्या बहिणीला एक प्रकरण अजिबात मान्य नाही. तिने त्याच दिवसांची आपली आठवण लिहून दिली आहे. ती पुस्तकात घ्यायची की ते प्रकरणच काढायचं, यावर दोघींचं बोलणं चालू आहे.